सोनेरी कडांचं बंद पुस्तक

९ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. तू बरा असशील, वहिनी बरी असेल, असं धरून चालते. धरूनच चालावं लागतं, कारण तू काही कळवत नाहीस. मी ठीक. ऑफिसचा जिना आहे तसाच आहे आणि माझे गुडघेही.

पार्सल मिळालं. ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलंस, त्यामुळे सगळ्यांसमोर उघडावं लागलं. शेजारच्या टेबलावर आगीच्या विम्याचे दावे बघणारा आमचा आगवाला लगेच मान लांब करून आला. खोक्यात खोकं, त्यात मखमली पिशवी, त्यात पुस्तक. "दागिना आहे की काय?" म्हणाला. मी म्हटलं, खेळाचं पुस्तक आहे. "कसला खेळ?" मग त्याला समजावलं, की टेबलाभोवती चार माणसं बसतात, एक सूत्रधार गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, सूत्रधार एकेकाला 'तू काय करतोस?' विचारतो, आणि अडलं की फासे टाकायचे. त्यानं मागची किंमत वाचली आणि म्हणाला, "अहो, गप्पा मारायला एवढे पैसे?"

मी तुझी बाजू घेतली नाही. माझाही तोच प्रश्न आहे.

माझा धंदा तुला माहीत आहे. जळालेल्या दुकानात मुळात माल होता का, हे बघायला जाणारी बाई मी. मी मागितलं होतं आपलं जुनं पुस्तक, तेही थोड्या दिवसांसाठी, आपला दंतवैद्य मित्र खेळ पुन्हा सुरू करू म्हणतो म्हणून. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. पण देव दोन देतो तेव्हा मी आधी विचारते, का बाबा?

तर पुस्तकाची रीतसर तपासणी केली. तीही बंद पुस्तकाची. सूत्रधाराचं पुस्तक खेळाडूनं उघडायचं नाही, उघडलं तर सूत्रधाराची खुर्ची त्यानं घ्यायची, हा नियम तुझाच. मला खुर्ची नको आहे. मला चोर व्हायला आवडतं. दिवसभर दुसऱ्यांच्या लबाड्या पकडायच्या आणि सुट्टीच्या दिवशी तुझ्या टेबलावर मनसोक्त लबाडी करायची, एवढंच माझं सुख होतं.

शिलाई धाग्याची आहे, पक्की. कातडं खरं आहे, नख लावून बघितलं. कडांचा सोनेरी मुलामा बोटाला लागत नाही. खुणेला रेशमी फिती आहेत, एक पुरली नसती का देव जाणे. आणि पुठ्ठ्यावर उठावाचा नकाशा. डोंगर वर आलेले, नद्या खोल गेलेल्या, मिठाच्या किल्ल्याचे बुरूज तर बोटाला टोचतात. आत मात्र काय? खोक्यावरच छापलंय, "मजकूर मूळ आवृत्तीप्रमाणे". म्हणजे तेच नियम, तेच राक्षस, तेच किल्ले. मग घरभाड्याएवढी किंमत कशाची? नुसता हात फिरवायची? नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

आपल्या जुन्या पुस्तकाला पाठीवर चिकटपट्टी होती, पण त्यानं आपल्याला काय कमी केलं? दंतवैद्यानं चहाचा कप ठेवला आणि नकाशावर गोल डाग पडला, तेव्हा तूच म्हणालास, आता इथे तळं आहे. मग आपण त्या तळ्यात नाव बुडवली, वहिनीच्या वैदूबाईची औषधं भिजली, आणि सगळा हिवाळा आपण त्या चहाच्या डागातून बाहेर पडत होतो. या नव्या पुस्तकाजवळ कुणाची कप ठेवायची छाती होईल? आणि कप ठेवला नाही तर तळं कुठून येणार?

म्हणून म्हणते, पाणी कुठेतरी मुरतंय.

तू नळखात्यातली नकाशे काढायची नोकरी सोडलीस, "कंटाळा आला" म्हणून. ज्या माणसाला गावातला प्रत्येक व्हॉल्व्ह पाठ, आणि तो सांगण्यात ज्याला कधी कंटाळा आला नाही, त्याला? मग घर हलवून वहिनीच्या माहेरगावी गेलास. आणि आपला खेळ एका ओळीच्या निरोपात मोडलास, तोही आम्ही मिठाच्या किल्ल्याच्या दारात उभे असताना. आता वर हे पुस्तक. तोंड गोड करायला पाठवलंस का? की मी काही विचारू नये म्हणून? शिवाय सोबतची चिठ्ठी: "हे तुझ्याकडे असू दे. दादा." अक्षर वहिनीचं. दिवसभर सह्या ताडून बघते रे मी. माझ्याशीच ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?

पुरे. उद्या दुकानात जाऊन ही किंमत खरी आहे का, ते विचारणार आहे. हसू नकोस.

*

१० नोव्हेंबर

पत्र काल टाकणार होते, बरं झालं टाकलं नाही. किंवा टाकलं असतं तर बरं झालं असतं. मला काही कळत नाहीये.

दुकानात गेले. खेळांचं दुकान, अरुंद, काचेच्या कपाटात फासे. दुकानदाराला पुस्तक दाखवून विचारलं, हे खरंच एवढ्याला विकता? तो म्हणाला, "बाई, लोक येतात, हात लावतात आणि ठेवून देतात. घेतलं फक्त एका गृहस्थांनी, पण दोन प्रती घेतल्या." मी म्हटलं, टपालानं मागवल्या असतील. "छे, स्वतः आले होते. बरोबर बायको होती."

दादा, तू या गावात आलास? आणि माझ्या दाराशी आला नाहीस?

खरं सांगते, त्या क्षणी मी एवढी चिडले की पुस्तक तिथेच परत करणार होते. मनात म्हटलं, सापडला! पैसा कुठून आला, कुणाला भेटला, बहिणीपासून काय लपवतोय? दुकानदार आपला बोलतच होता. म्हणाला, गृहस्थांनी एकही पान उघडलं नाही. एकेका पुस्तकावर हात फिरवून बाजूला ठेवत होते. ह्या पुस्तकावर थांबले. विचारलं, "नदी कुठली आणि रस्ता कुठला, हे बोटाला वेगळं लागतंय, की मलाच तसं वाटतंय?" आणि बाई त्यांना किंमत वाचून दाखवत होत्या. "मला वाटलं, भाव पाडायची युक्ती आहे," असं म्हणून तो हसला. त्याच्या संशयाला मी काय बोलू? मी बाहेर आले. समोर रस्त्यापलीकडे डोळ्यांचं हॉस्पिटल आहे. त्या रस्त्यानं मी रोज जाते.

मी हॉस्पिटलच्या पायरीवर बसले. वॉचमन म्हणाला, बाई, इथे बसू नका. तरी बसले.

मग सगळे पुरावे आपोआप रांगेत आले, आणि ते माझ्यासमोर कधीपासूनच होते. तो मोठ्ठ्या आकड्यांचा फासा तू आणलास, तेव्हा मी म्हटलं, लहान मुलांचा आहे का रे? फासा पडला की तू म्हणायचास, "तूच वाच, माझ्यावर तुझा विश्वास कुठे आहे!" आणि मी विजयी मुद्रेनं वाचायचे. शेवटी शेवटी तू पुस्तक उघडायचं सोडून डोळे मिटून गोष्ट सांगायला लागलास. दंतवैद्य म्हणाला, "काय रंगलाय बघ." आम्ही टाळ्या वाजवल्या, दादा. मी जळक्या भिंतीवरून आग कुठे लागली ते सांगते, आणि माझ्या सख्ख्या भावाचं टेबलापलीकडून मला काही दिसलं नाही.

मला राग आलाय. खूप. तुझा आलाय, कारण तू सांगितलं नाहीस. वहिनीचा आलाय, कारण तिनं तुझं ऐकलं. आणि भीती वाटतेय, ती रागाहून जास्त. किती दिसतं रे तुला आता? माणूस दिसतो का? मी दिसेन का?

म्हणजे हे पत्रही वहिनीच वाचून दाखवत असणार.

वहिनी, वर मी ती डोळ्याची म्हण लिहिली आहे, ती वाचू नकोस गं. वाचलीच असशील, वरच आहे. कागद बदलून सगळं नव्यानं लिहिणार होते, पण मग तुम्ही दोघं जशी माझ्याशी सांभाळून वागलात तशीच मी वागले असते. राहू दे. उचलली जीभ लावली टाळ्याला अशी तुझी नणंद आहे, हे तुला काय नवीन आहे? तो हसला का, एवढं मात्र मला कळव. खरं कळव.

दादा, त्या किमतीबद्दल. मी माझा अहवाल मागे घेते. सगळा नाही. रेशमी फिती अजूनही थोतांड आहेत आणि मखमली पिशवी तर शुद्ध लूट. पण पुठ्ठ्याचे पैसे वाजवी आहेत. आज घरी आल्यावर मी डोळे मिटून त्या नकाशावर बोट फिरवून बघितलं. पहिल्यांदा नदीत पडले. मग डोंगराला धडकले. मग बऱ्याच वेळानं किल्ला सापडला. तुला माझ्याआधी सापडत असणार, आयुष्यभर नकाशेच काढलेस तू. म्हणून दोन प्रती. एक वाचायला आणि एक हात लावायला. एवढं साधं होतं, तर चिठ्ठीत लिहायला काय झालं होतं? "हे तुझ्याकडे असू दे" म्हणे! खुर्ची द्यायची ही काय रीत झाली?

आणि मला माहीत आहे तुझ्या मनात काय आहे. आता हिच्याकडे खेळ सोपवला, आपण सुटलो, असं ना? ते चालणार नाही. आम्हाला सूत्रधार मिळेल, पण एक खेळाडू कमी पडतो. तुझ्यासाठी पात्र तयार केलंय, नाव तू ठेव. दंतवैद्याला मी सगळं सांगितलं. तो आधी रडला, मग म्हणाला, गाडी मी चालवतो. रविवारी आम्ही तुमच्याकडे येतोय. येऊ नका म्हणून कळवू नकोस, मी त्या पत्रावर विश्वास ठेवणार नाही. अक्षर वहिनीचं असेल.

चहाचे कप मात्र पुस्तकाजवळच ठेवायचे.

हे बघ, आत्ता उघडलं. कडा सोनेरी असल्यामुळे पानं एकमेकांना चिकटली होती, हळूच सुटी करावी लागली. नवी कोरी आहेत. नियमाप्रमाणे खुर्ची आता माझी, आणि सूत्रधाराचा तो प्रश्न विचारायचा हक्कही.

तर ऐक. मिठाच्या किल्ल्याचं दार उघडलं आहे. आत मिट्ट काळोख. मशाल विझली. चोर, वैदूबाई, दंतवैद्याचा कुऱ्हाडवाला, कुणालाच काही दिसत नाही, सगळे जागच्या जागी घाबरून उभे आहेत. आमच्यात नवीन आलेल्या माणसाचा हात भिंतीला लागतो. भिंतीवर नकाशा कोरलेला आहे. डोंगर वर आलेले, नद्या खोल गेलेल्या.

सांग दादा, तू काय करतोस?

तुझी,
खुर्चीवरून,
धाकटी