विमानातली आई

२२ मे १९८६, गुरुवार

पोचले एकदाची. पाय सुजलेत, डोकं अजून हवाई बेटावरच आहे.

दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मीरा बापाच्या पायाला मिठी मारून उभी! वर्षभरात केवढी झाली ही! दोनाची सोडून गेले होते. चंद्रप्रकाश म्हणाला, "मीरा, कोण आलंय सांग बरं?" तिने मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "मावशी."

सगळे हसले. मीही हसले. मग न्हाणीत जाऊन नळ मोठा सोडला आणि पोटभर रडले.

२३ मे

झोपेची पार वाट लागलीय. दिवसा पेंगते.

शेजारीपाजारी येऊन गेले. "तिथे मासळी मिळते का?" "समुद्रावर रोज फिरत असशील!" हवाई म्हटलं की सगळ्यांना सुट्टीच वाटते. दोन वर्षांच्या संशोधनासाठी गेलेय, दिवसभर स्वेटर घालून थंड प्रयोगशाळेत शेवाळाच्या बरण्यांपुढे बसते म्हटलं, तर कुणाला पटेना. "मराठी बोलतेस कुणाशी?" हा प्रश्न शेजारच्या कमलताईंचा. कुणाशीच नाही. म्हणून तर ही वही.

२५ मे, रविवार

आज कळलं.

साकीनाक्याला आमच्या घरावरून विमानं इतकी खालून जातात की मांडणीवरची भांडी वाजतात. संध्याकाळी मी मीराला भात भरवत होते — पहिल्यांदाच खात होती माझ्या हातून! तेवढ्यात विमान आलं. ही ताटावरून उठली, गॅलरीत धावली आणि हात हलवून ओरडायला लागली, "आई चाललीऽऽ! टाटा आई!"

माझ्या हातात घास तसाच. चंद्रप्रकाशने मान खाली घातली. बोलल्या त्या सासूबाई, त्यांच्या मालवणीत. "तू गेलंस, आणि रडान रडान ताप इलो चेडवाक. मगे काय सांगूचा तेका? म्हटलंय, ती बघ तुजी आवस चल्ली विमानातसून. तेवा गप झाला."

२६ मे

डोकं फिरलंय. दिवसभरात किती विमानं जातात देव जाणे. प्रत्येकात मी!

आणि कुणी एका अक्षराने कळवलं नाही मला. "कळवून काय केलं असतंस?" चंद्रप्रकाशने विचारलं. भांडायचं होतं, पण काय केलं असतं मी?

३० मे

मीराला समजावलं. म्हटलं, "मीच तुझी आई. विमानातून खाली उतरले." तिने गॅलरीतून खाली गल्लीत डोकावून बघितलं. "मग विमान कुठाय तुझं?"

एमएस्सी झालेली बाई, मीही तिच्याबरोबर खाली वाकून बघितलं.

३ जून, मंगळवार

आज एक वेणी घालू दिली. दुसरी आजीकडून.

माझ्यापेक्षा माझ्या साबणाच्या वासावर तिचा जास्त जीव आहे. येते, माझा हात हुंगते, जाते. हाक मात्र मारत नाही. "मावशी" बंद झालंय, "आई" सुरू नाही. नुसतं "ए".

६ जून

ठरवलं. परत जायचं नाही. शेवाळ माझ्यावाचून वाढेल.

चंद्रप्रकाशला सांगितलं. वर्कशॉपमधून येऊन हात धूत होता. धूतच राहिला. मग म्हणाला, "बघ वसू, रागात नको ठरवूस. दहा वर्षांनी मला बोलशील, तूच थांबवलंस म्हणून."

"तुला मी नकोय का इथे?"

"वेडी आहेस का गं?" एवढंच बोलला आणि टॉवेलने तोंड पुसत बसला.

सासूबाई आतून आल्या. मला वाटलं, खूश होतील. तर त्याच कडाडल्या. "अर्ध्यार कित्याक सोडतंस? वर्षभर ह्या चेडू मी काय असाच सांबाळलंय? जा, पुरा कर आणि ये. मी आसय."

ह्या बाईवर इतके दिवस मनातून जळत होते. लाज वाटली.

८ जून, रविवार

जाते. फक्त एक वर्ष.

मनाची समजूत घातलीय. मीराला काय, तिची आई वर आहेच! मी गेले तरी तिच्या लेखी कुठे काय बदलणार? पुन्हा भांडी वाजतील, पुन्हा ती गॅलरीत धावेल. ज्या विमानांचा एवढा राग आला, त्यांच्याच भरवशावर चाललेय. बरंच झालं म्हणायचं, मला फारशी ओळखत नाही ते. लिहू नये, पण खरंच तसं वाटतंय.

१० जून

मीरा रात्री कुशीत येऊन झोपली. चुकून असेल.

१२ जून, गुरुवार

बॅग भरून झाली. संध्याकाळी दारात बसले होते, मीरा मांडीवर. विमान आलं. भांडी वाजली. ही जागची हलली नाही.

मीच म्हटलं, "मीरा, विमान! टाटा नाही करायचं?"

तिने वर बघितलंसुद्धा नाही. माझी बांगडी फिरवत म्हणाली, "त्यात कोणी नाही गं, आई."

उद्याचं तिकीट आहे.