जिथं मारलं, तिथंच

मी, कलाबाई धुडकू बोरसे, वय चोपन्न, राहणार गोडादरा, सुरत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. कुणाला शंका असेल तर त्यानं मी जिवंत आहे तोवर येऊन बोलावं, मेल्यावर कोर्टात जाऊ नये. मला कुणी धाक घातला नाही, लालूचही दाखवली नाही. शेजारची दिपाली वकिली शिकते. कायद्याचे शब्द तिचे, बाकीचं माझं. शाळा चौथीत सुटली, म्हणून अक्षर वाकडं आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझे दीर गजेंद्रभाऊजी एखादा कागद दाखवतील तर तो खोटा समजावा.

कलम १. माझा मुलगा चेतन. तो पोटात असताना त्याला जन्म देणारा निघून गेला. त्याचं नाव इथं लिहीत नाही. चेतन चालायला लागला तेव्हा धुडकू बोरसे यांनी माझ्याशी पाट लावला आणि शाळेत पोराच्या नावापुढं आपलं नाव घातलं. चेतनचा बाप तोच. कागदाला लागतं म्हणून नवऱ्याचं नाव घेतलं, आता पुढं 'हे' असंच लिहीन.

हे लूमच्या कारखान्यात होते. हात तापट, तोंड त्याहून तापट. गोडादऱ्यातच पाळक मगनभाईंच्या घरी प्रार्थना व्हायची, तिथं जायला लागले आणि येशूचे झाले. भाऊजी सगळीकडे सांगत फिरले की पैसे घेऊन बाटला. पैसे मिळाले असते तर माझ्या घराला गळका पत्रा राहिला नसता.

येशूचं नाव घेतलं आणि दुसऱ्या दिवशी माणूस बदलला, असंही नाही. पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेऊन आल्यावरही शिव्या तशाच होत्या. चेतन शाळा सुटल्यावर कारखान्यात डबा घेऊन जायचा. एकदा तिथून साडीचा तुकडा चोरीला गेला. शेठनं चेतनकडे बोट दाखवलं, आणि यांनी काही न विचारता सगळ्या कारागिरांसमोर पोराच्या कानाखाली वाजवली. तुकडा दुसऱ्याच्या पिशवीत निघाला. तरी हे आपल्या लूमवर परत गेले. बाप कधी पोरापुढं वाकतो का, असं भाऊजींचं म्हणणं.

मग महिन्याचा पहिला रविवार आला. त्या दिवशी मगनभाईंकडे प्रभुभोजन असतं. भाकरीचं ताट फिरवण्याआधी मगनभाई सांगतात, कुणाचं मन दुखवून आला असाल तर आधी तिकडे जाऊन या. लोक माना खाली घालतात आणि ताट घेतात. ताट यांच्यापुढं आलं. यांनी ते पुढं सरकवलं, उठले, चपला घातल्या. घरी येऊन चेतनचा हात धरला. मी विचारलं, कुठं. तसेच चालायला लागले. मी चिडून मागं गेले. रविवारीही कारखाना चालू होता. यांनी शेठला मशीन थांबवायला लावली. मग जिथं मारलं होतं तिथंच उभे राहिले आणि पोरापुढं हात जोडले.

"पोऱ्या, मनं चुकनं. तू चोर नही."

आमच्या अहिराणीत एवढंच बोलले. कारागीर हसले. चेतन हसला नाही. त्यानं बापाचे जोडलेले हात खाली ओढले. मगनभाईंकडे परत गेलो तेव्हा ताट रिकामं होतं. मी म्हटलं, गेली ना तुमची भाकर. हे म्हणाले, "आज पहिल्यांदा पोटात गेली."

त्यानंतर हात उठायचा राहिला असं नाही. उठायचा, मग तोच हात आपल्या टकलावरून फिरवायचे. नात हर्षदा म्हणायची, आबांनी राग पुसला. असं पुसत पुसत म्हातारपणी कुठं तो माणूस मऊ झाला.

कलम २. माझी शिवणयंत्रं दोन. चांगलं यंत्र सून स्वातीला. दुसऱ्याचं पायडल अडतं, तेही तिलाच, दुरुस्त करायची तिला अक्कल आहे. बँकेत असेल ते हर्षदाच्या शिक्षणाला. लग्नाला एक रुपया काढायचा नाही.

कलम ३. फळीवर आमच्या कानबाई देवीचा नारळ आहे आणि शेजारी यांचं बायबल आहे. मी पाण्यात उतरले नाही, उतरणार नाही. यांनी मला कधी ओढलं नाही. कानबाईच्या सणाला नैवेद्याचे रोट करतात, त्यांचे गहू हेच दळून आणायचे. फळीवरची कुठलीच वस्तू कुणी हलवायची नाही, मगनभाईंनी नाही आणि भाऊजींनी तर नाहीच. मला जाळा. यांना पुरलं, मला जाळा. आम्ही वर बघून घेऊ.

कलम ४. आता खोली. हे वाचायलाच सगळे बसले असतील.

हे वारले तेव्हा भाऊजी आले नाहीत. बाटलेल्याला खांदा देत नाही, असा निरोप पाठवला. पहिली मूठ माती चेतननं टाकली, रडत टाकली. तिसऱ्या दिवशी भाऊजी आले ते खोली कुणाच्या नावावर आहे हे विचारायला. म्हणाले, पोरगं आमच्या रक्ताचं नाही. मी म्हटलं, खोली माझ्या नावावर आहे, पोरगं माझ्या रक्ताचं आहे, चहा घेऊन जा.

मग त्यांनी चाल बदलली. चेतनला पलसाण्याच्या डाईंग मिलमध्ये चिकटवलं, आणि पोरगा त्यांच्या मागं मागं फिरायला लागला. परवाच्या डिसेंबरात भाऊजींच्या मुलीचं लग्न झालं, कामरेजला, त्यांच्याच अंगणात. जेवायची पंगत बसली. हर्षदा सात वर्षांची. आबांनी शिकवलं होतं तसे तिनं डोळे मिटले, हात जोडले आणि मोठ्यानं येशूचे आभार मानले. पंगत हसली. भाऊजी म्हणाले, "चेतन, हे काय शिकवून ठेवलंय तुझ्या बापानं?"

चेतननं पोरीला मारलं. भरल्या पंगतीत, गालावर. आणि म्हणाला, "तो काही माझा सख्खा बाप नव्हता."

मी तिथंच वाढत होते. वरणाची बादली खाली ठेवली आणि पोरीला घेऊन आले. त्या दिवसापासून हर्षदा जेवताना डोळे मिटत नाही. आधी बापाच्या हाताकडे बघते, मग घास घेते. चेतनला हे दिसतं. दिसत नसेल तर त्यानं इथं वाचावं.

तर खोली स्वातीच्या नावावर करते. चेतनचं नाव तिच्या जोडीला लागेल, पण एका अटीवर. त्यानं हर्षदाला घेऊन कामरेजला जायचं. त्याच अंगणात, भाऊजी आणि त्यांच्या घरच्यांसमोर, पोरीपुढं हात जोडायचे. घरी, कोपऱ्यात, चॉकलेट देऊन मागितलेली माफी चालणार नाही. दिपाली म्हणाली, मावशी, अट पुरी झाली हे ठरवणार कोण? हर्षदा ठरवेल. गाल तिचा होता. ती जेवताना डोळे मिटायला लागली की स्वातीनं चेतनचं नाव लावावं. तोवर कुणी तिला शिकवायचं नाही, विचारायचं नाही.

लोक म्हणतील, कलाबाई पोराला खोलीसाठी वाकायला लावते. लावते. यांना कुणी काही देऊ केलं नव्हतं, तरी हे वाकले. चेतन तेवढा मोठा अजून झालेला नाही, म्हणून खोली ठेवली आहे. रक्ताचा वारस मला नको. रक्त तर त्या पळून गेलेल्याचंही आहे. बापासारखा वागेल तो बापाचा वारस.

कलम ५. गजेंद्रभाऊजींना माझी लोखंडी खुर्ची द्यावी. चेतन कामरेजला जाईल त्या दिवशी ती रिक्षात घालून सोबत न्यावी आणि अंगणात मधोमध मांडावी. भाऊजींचे गुडघे दुखतात, उभ्यानं बघायला त्रास होईल. मी त्यांना माफ केलेलं नाही. ते काम यांचं होतं, माझ्याच्यानं होत नाही. पण खुर्ची चांगली आहे.

वरील मजकूर मी वाचला, दिपालीनं मोठ्यानं वाचून दाखवला, एक शब्द बदलायचा नाही. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार: १. मगनभाई, पाळक, गोडादरा. २. दिपाली, शेजारी, गोडादरा. दोघांना यातून काही मिळणार नाही, म्हणून साक्षीला घेतले.

ठिकाण: गोडादरा, सुरत
ता. ३ फेब्रुवारी २०२५

सही: कलाबाई धुडकू बोरसे,
चेतनच्या सख्ख्या बापाची बायको