ब्रेक फेल झाला नव्हता

प्रिय प्रिया,

जय भीम. काल फोनवर तू म्हणलीस, “आई, ब्रेक नीट न करणाऱ्या त्या मिस्त्रीवर केस करू.” म्हणून हे लिहायला बसले.

अपघात झाला त्या दिवशी पप्पा जीप चालवून राह्यले होते, हे फोन लावताना तुला कुठं ठाऊक होतं? तुझा व्हिडिओ कॉल आला. तुझा आर्यन पहिल्यांदा चालून राह्यला होता. “केशर, बघ तर!” म्हणत पप्पांनी मोबाइल माझ्याकडं वळवला, अन् मीबी बघत बसले. शहागडजवळ उभी असलेली उसाची ट्रॉली दोघांनाबी दिसली न्हाई. जीप तिच्यावर आदळली अन् फोन बंद पडला; तुला वाटलं, रेंज गेली.

पाय गेला तरी पप्पा सगळ्यांना ब्रेकचंच सांगतात. मला म्हणतात, “पोरीला खरं कळलं, तर लेकराकडं बघून जन्मभर रडंल.”

आज राधाकिसन मिस्त्री दवाखान्यात आला. हात जोडून म्हणला, “काकू, माझं काय चुकलं?”

“काहीच न्हाई,” माझ्या तोंडून निघून गेलं. पप्पांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

हे पत्र मी टाकणार न्हाई. केस करू नको, एवढंच फोनवर सांगते. पण तू “का?” म्हणून विचारशील, तवा काय बोलू गं?

तुझी आई,
केशरबाई