डावा हात

मयूर विहार, दिल्ली

सौ. इंदूस,

कादंबरी आणि बाळ ठणठणीत आहेत हे फोनवर कळलं, बरं वाटलं. बाळाला न्हाऊ घालताना जपून, तुझा खांदा अजून दुखतोय.

माझं इथे उत्तम चाललंय. सुजय आणि सूनबाई सकाळी ऑफिसला जातात ते दिवेलागणीनंतरच येतात, त्यामुळे चित्रकलेला भरपूर वेळ मिळतो. सोसायटीत शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "अंकल, कभी पेड़, कभी बिल्ली, ऐसे नहीं आएगा. रोज़ सिर्फ़ हाथ बनाइए." म्हणून नाश्ता झाला की अर्धा तास फक्त हात काढतो. सुरुवातीला बोटं भेंड्यांसारखी यायची. आता पेरांवरच्या सुरकुत्याही जमतात. सोबत एक चित्र पाठवतोय, बघ आणि खरं सांग.

अडचण एकच आहे. पेन्सिल उजव्या हातात, म्हणून समोर ठेवायला माझा डावाच उरतो. रविवारी सुजयला बसवलं, तर त्याचा फोन वाजला आणि तो हात घेऊन निघून गेला.

कामवाली राजमा छान करते. वेळेवर जेवतो. तिकडे थंडी पडली का?

तू यायची घाई करू नकोस, लेकीला तुझी गरज आहे. पण आलीस की रोज अर्धा तास माझ्यासमोर टेबलावर हात ठेवून बसशील का? बोलत राहिलीस तरी चालेल.

परवा तुझा हात आठवून काढायला बसलो होतो. बांगड्या तेवढ्या तुझ्या आल्या. हात माझाच आला.

तुझा,
गुलाबराव