वैष्णवीच्या पत्रिकेची पाठ

आदरणीय केरूभाऊ,

नाशिकरोडहून कारभारीचा रामराम. वहिनींच्या गुडघ्याची सूज उतरली असेल, कांदा चाळीत पडला असेल अशी आशा करतो. इकडे सगळे वेळेवर जेवतात, पण कोणी कोणाशी बोलत नाही. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र.

वैष्णवीसाठी स्थळ आलं तेव्हा मध्यस्थ म्हणाला, "पोरगा एकदम सेट हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. घरी येऊन डिक्शनरी उघडली (बांधकाम खात्यात तेहतीस वर्षं इंग्रजी पत्रांवर सह्या घेत फिरलो, पण एक शब्द कधी उघडून पाहिला नव्हता), तर हा तीन अक्षरांचा शब्द पानामागून पानं संपेना. सूर्य मावळणे, हाड बसवणे, दही लागणे, सिमेंट धरणे, टेनिसमधला डाव, भांड्यांचा संच. मूळ शोधलं तर क्रियापद जुन्या इंग्रजीतलं, अर्थ 'बसवणे'. संचवाला सेट मात्र लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला, मुळात 'मागून चालणारे लोक'. दोन वेगळ्या घरचे शब्द एकाच नावाने नांदतात. खरं सांगतो, पोरगी जाणार म्हणून घास उतरत नव्हता. शब्दात डोकं घातलं की तेवढा वेळ बरा जायचा.

आता माझी चूक सांगतो. जुन्या लग्नपत्रिकांची पाठ कोरी असते. तिच्यावर मी एकेक अर्थ लिहितो आणि लक्षात राहावा म्हणून खाली घरातलंच उदाहरण देतो. हाड बसवणे: सुमनचं मनगट. असं. पत्रिका संपल्या तेव्हा पलंगाखालच्या खोक्यातून अकरा घेतल्या. सगळ्यांवर गणपती सारखाच, मला वाटलं थोरल्या संतोषच्या लग्नातल्या उरलेल्या. त्या वैष्णवीच्या होत्या. दहा तुमच्या बहिणीला, सुमनला, वेळेत सापडल्या. अकरावीला तिने हळदकुंकू लावलं आणि देवानंतर पहिला मान मामाचा म्हणून ती कळवणला तुमच्याकडे पाठवली.

मागे काय होतं ते तुम्ही वाचलंच (भर बैठकीत तुमच्या पुतण्याने मोठ्याने वाचलं, असंही कानावर आलं). 'सेट: एकदा धरलेलं न सोडणारा, हट्टी. उदाहरण: केरूभाऊ, जावळातल्या टॉवेल-टोपीपासून.' चोवीस वर्षांपूर्वी वैष्णवीच्या जावळात टोपी तुमच्याआधी दुसऱ्याला दिली, ती चूकही माझीच. तुम्ही लग्नाला येणार नाही असा निरोप आला, त्या दिवसापासून तुमची बहीण माझ्या ताटात भाकरी लांबूनच सरकवते. पोरगी विचारते, मामा नाही तर बोहल्यावर माझ्या पाठीशी कोण उभं राहणार? लग्नाला बारा दिवस उरलेत. मला माफ करा आणि या.

आपला,
कारभारी

ता. क. पत्रिका फाडली नसेल तर घेऊन या, त्या अर्थाची दुसरी नक्कल नाही. तुमचं नाव खोडून माझं घालतो. सुमनची त्याला मंजुरी आहे.

ता. क. मामाचा मान वगैरे लिहिलं, ते लिहायला लागतं म्हणून. पाठवणीच्या वेळी बायका एकमेकींच्या गळ्यात पडतील आणि मी एकटा मांडवाच्या खांबाशी उभा असेन, हे मला आत्ताच दिसतंय. तेव्हा माझ्या शेजारी येऊन उभे राहा. हवं तर बोलू नका.