चौथ्या खांद्याची तरतूद

मी, दातांची डॉक्टरीण, विधवा, वयाने थकलेली पण डोकं ठिकाणावर असलेली, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणीही दडपण आणलेलं नाही. आयुष्यभर मी लोकांना ‘आ करा’ म्हणत आले, त्यामुळे तशी कोणाची छातीही नाही. हा सगळा खटाटोप मुख्यतः एका माणसाला चर्चच्या आत घेतलं जावं यासाठी आहे. बाकीचं ओघाने आलंच.

राहतं घर भाचीला द्यावं. न्हाणीघरातला नळ गळतो, तोही तिचाच. दवाखाना, खुर्ची आणि सगळ्या पकडी माझ्या मदतनीस बाईंना. बँकेतल्या ठेवीतून गरजूंना कवळ्या बसवून द्याव्यात, आणि त्या घालून कोणी मला नावं ठेवली तरी चालेल.

माझा धाकटा भाऊ पाळक आहे. त्याला काहीही ठेवलेलं नाही.

माझ्या लेकीला एका दारू प्यालेल्या ट्रक ड्रायव्हरने चिरडलं. तिच्या दफनाच्या उपासनेत भाऊ म्हणाला, “देवाला त्याच्या बागेत एक सुंदर फूल हवं होतं.” मी उभी राहिले आणि म्हणाले, “मग त्याला सांग, लोकांच्या बागा ओरबाडू नकोस.” त्यानंतरही भाऊ कारणं घेऊन येतच राहिला. म्हणे, देव परीक्षा पाहतो. म्हणे, दुःखाने माणूस उजळतो. याच गृहस्थाची अक्कलदाढ ठणकली तेव्हा उजळायची वाट न बघता त्याने इंजेक्शन मागितलं, आणि एकाने भागेना म्हणून दुसरं.

भावजयीने एकही कारण दिलं नाही. ती यायची, माझी भांडी घासायची आणि माझ्याबरोबर देवाला शिव्या घालायची. एकदा म्हणाली, “वन्सं, तो वर बसून मजा बघत असता ना, तर मीच त्याचं तोंड पाहिलं नसतं. पण त्यानं खाली येऊन खिळे सोसले. तोसुद्धा ‘का’ म्हणून ओरडला, आणि त्यालाही कोणी उत्तर दिलं नाही.” तेवढ्या बळावर मी पुन्हा उपासनेला जाऊ लागले, मागच्या बाकावर, तोंड वाकडं करून.

तुरुंगातून सुटल्यावर तो ड्रायव्हर नेमका माझ्याच दवाखान्यात आला. गाल टम्म सुजलेला, दारावरची पाटी न वाचता शिरलेला. मला ओळखताच तो खुर्चीतून उठू लागला. मी म्हटलं, “बसा. आ करा.” एका हातात पकड होती, दुसऱ्यात इंजेक्शन. स्टिअरिंगवरचा याचा हात देवाने का धरला नाही, हे मी वर्षानुवर्षं विचारत होते. आता माझा हात मोकळा होता आणि तोही कोणी धरत नव्हतं. भूल न देता पकड चालवावी असं फार फार वाटलं. खरं सांगते, हात धरणारा देव त्या क्षणी मलाच नको होता.

मी इंजेक्शन दिलं. भूल चढेपर्यंत आम्ही दोघंही रडलो. तो उघड्या तोंडाने. मग दात काढला आणि फी घेतली. मी काही संत नाही.

माफ केलं का? रोज सकाळी करते, संध्याकाळपर्यंत मोडतं. मेलेले उठतील त्या दिवशी लेक समोर उभी राहील आणि हे सगळं दुष्टपण संपेल, एवढं मी मानते. ‘का’ ते देवाला समोरासमोर विचारीन.

तो माणूस दर रविवारी चर्चच्या फाटकाबाहेर उभा राहून उपासना ऐकतो. “ताईला त्रास नको,” म्हणून भाऊ त्याला आत घेत नाही. माझ्या नावावर कोणी दार बंद करू नये. माझी शवपेटी चौघांनी उचलावी आणि चौथा खांदा त्याचा असावा, आत वेदीपासूनच. भावाने प्रार्थना करावी, कारण सांगू नये.

साक्षीदाराला वारसा घेता येत नाही, असं वकीलबाई सांगतात. म्हणूनच भावाला काही ठेवलं नाही, साक्षीदार केलं आहे. मी जिवंत असताना त्याने हे वाचलंच पाहिजे.

स्थळ: माझा दवाखाना
तारीख: लेकीचा वाढदिवस
सही: डॉक्टरीण

साक्षीदार पहिली: भावजय. सही माझी, चष्मा वन्संचा.

साक्षीदार दुसरा: भाऊ, पाळक. वाचलं. ताई, तू मरेपर्यंत थांबायचं नाही. येत्या रविवारी फाटक मी उघडतो.