खरं मानणारा भिडू

हुमनाबाद, ८ ऑगस्ट २००९

ति. बसवंतअण्णांस,
धाकट्या साडूचे शरणु शरणार्थी. वि. वि.

इकडं खुशाल. तुमच्या मेहुणीचं, नागम्माचं, गुडघ्याचं रडगाणं चालूच हाय. तुम्ही लेकाकडं पुण्याला गेलात आणि क्लबातलं ब्रिजचं टेबल मोडलं. मग आमच्या लेकीनं, शैलश्रीनं, घरी कॉम्प्युटरवर खेळ लावून दिला. भिडू म्हणून समोर कॉम्प्युटरच. असला मठ्ठ भिडू जन्मात बघितला न्हाई. काल मी तीन बदाम बोललो, तर हा बेधडक सहावर गेला. सहा म्हणजे बारा हात करायचे, झाले आठच. शिव्या द्याव्यात तर ऐकायलाय कोण? नागम्मा म्हणायली, भांडायला तरी माणूस बघा.

तुम्ही कसं हाव, कळवा.

आपला
गुरप्पा

पुणे, १९ ऑगस्ट

चि. गुरप्पास, अनेक आशीर्वाद.

कॉम्प्युटरचं काही चुकायलं न्हाई. तो तुझं बोलणं खरं धरायलाय, एवढंच. दहा पोती तूर झाली की तू गावात अकरा सांगणार, पत्त्यांतही तेच. तीस वर्षं मी तुझ्या बोलीतलं एक कमी धरत आलो, म्हणून आपण जिंकायचो.

बीदरच्या स्पर्धेत तू म्हणालास, अण्णा, आज पक्कं बोलीन. त्या एकाच दिवशी मी पूर्ण भरवसा ठेवला. डाव बुडाला, आणि चार लोकांत तू मलाच मठ्ठ म्हणालास. पुण्याला निघालो त्या दिवशी दारात तुझी वाट बघितली. आला न्हाईस. त्याचं अजून वाईट वाटतंय. आता पत्ते हातात धरायचं मन न्हाई.

नागम्माला गुडघ्याला तिळाचं तेल लावायला सांग.

बसवंतप्पा

हुमनाबाद, २७ ऑगस्ट

ति. अण्णांस, शरणु.

पत्र वाचून आधी रागच आला. दोन दिवस नागम्मावर चिडचिड केली. मग ती म्हणाली, लिहिलंय त्यातलं खोटं काय ते दाखवा. तसं हे पत्र लिहायला बसलो.

बीदरला माझ्याकडं बदामाची चारच पानं होती, सहा असल्यागत बोललो. चूक माझी. तुम्ही निघालात त्या दिवशी मी स्टँडवर आलो होतो. पानपट्टीच्या आड उभा ऱ्हायलो. तुम्ही खिडकीतून बघायलात, ते दिसलं. पुढं यायची लाज वाटली.

दसऱ्याला या. पत्ते नको म्हणालात तर काढणार न्हाई. तुमच्यावाचून करमत न्हाई, अण्णा. ह्यातलं एक कमी धरू नका.

लोभ ऱ्हावा, राग जावा.

गुरप्पा